तारेचा वळ

तार सालीत रुतली होती – नखाएवढीच जागा, पण तिथे साल दोन्ही बाजूंनी फुगून तारेवर चढू पाहत होती... गुरुदत्तनं चष्मा कपाळावर सरकवला. कुंडीतली निलगिरी हातभर उंचीची. फांद्या त्यानं तांब्याच्या तारेनं ओढून आडव्या केल्या होत्या, बोन्सायच्या पुस्तकातल्या जपानी पाइनसारख्या. नव्या पनवेलच्या या गॅलरीत येणारा प्रत्येक जण वा म्हणायचा. त्याला मात्र ती निलगिरी वाटतच नव्हती, दामटून बसवलेलं पोर वाटायचं.

"अहो," आतून सुनंदानं विचारलं, "आज तरी न्याल का कीर्तनाला?"

"हात जरा सरळ होऊ दे. मग जाऊ."

"मग म्हणजे सप्ताह उठल्यावर!"

ती हसली, अर्ध्या ओठांनी. तिला अर्धांगाचा झटका येऊन वर्ष होत आलं. डावी बोटं आकड्यासारखी आत वळली ती वळलीच. डॉक्टरांनी लाकडी पट्टी फक्त रात्री बांधायला सांगितली होती. तो दिवसाही बांधायचा. देवळात पुढे बसून टाळ वाजवणारी सुनंदा – बुवांनी अभंग धरला की तिचा ठोका असा पडायचा की बुवा मान वळवून दाद द्यायचे – आणि आता त्याच बायकांनी तिच्याकडे बघून चुकचुकायचं? नको. आधी हात.

जेवण झाल्यावर तो सुकापूरपलीकडच्या उतारावर गेला. कुणी न लावता रुजलेल्या निलगिऱ्या होत्या तिथे. कुंडीतलं झाड मनासारखं होईना, तर मोकळं वाढलेलं तरी बघून यावं... एकीचा शेंडा कधीतरी मोडला होता. मोडल्या जागेच्या खालून एक फांदी बाजूला निघून, वळसा घेऊन वर गेली होती, आणि सगळी पानं तिच्या टोकाशी लोंबत होती. साल पट्ट्यापट्ट्यांनी सुटलेली. आडवी फांदी एकही नाही. तो कागद काढून रेखाटू लागला.

लाकडं वेचणारी एक बाई थांबली. "काय लिवताव, दादा? तोडाची हाय का?"

"नाही हो मावशी. चित्र काढतोय."

"या वाकड्याचा?" ती मोठ्यानं हसली. "तिकडं सरळ हाय ना चांगला! आमी तर याला चुलीत पन घेत नाय."

"मला हेच पाहिजे," तो म्हणाला – एवढं तुटक, की ती मोळी उचलून गेली. का लागलं एवढं? झाडच तर होतं.

काल कर्ण्यावरून बुवांचं आख्यान गॅलरीत ऐकू येत होतं. मथुरेच्या वाटेवरची ती कुबडी बाई, हातात चंदनाची वाटी. देवानं हनुवटी धरून तिला सरळ केलं, तेव्हा गुरुदत्तचे डोळे भरून आले होते. "बघ," तो म्हणाला होता, "केलंच ना सरळ?" आणि सुनंदा, स्वतःशीच बोलल्यासारखी, "पण देवाला चंदन तिनं आधीच लावलं हो. वाकडी होती तेव्हाच..."

पेन्सिल थांबली.

घरी येऊन त्यानं पक्कड घेतली आणि तार तोडली, तुकड्यातुकड्यानं. फांदी वर उठली नाही. तारेचा वळ सालीत तसाच राहिला, आणि आतल्या खोलीतून टाळ ऐकू आला – धिमा, मध्येच एक ठोका चुकलेला.

तो आत गेला. पट्टी दातांनी सोडलेली. टाळाची दोरी वळलेल्या बोटांत अडकवून ती उजव्या हातानं ठोका देत होती. त्याला पाहताच थांबली.

"रागावू नका. दोरी बघा कशी बसते आकड्यात. सरळ बोटांत निसटायची."

देवळाकडे कर्णा खरखरला. चुकचुकणाऱ्या बायका त्यानं वर्षभर मनात बसवल्या होत्या. आता त्यांचे चेहरे आठवावेत म्हटलं तर एकही आठवेना... तो चुकचुकण्याचा आवाज कुणाचा होता मग? रोज सकाळी पट्टी आवळताना, दातांवर जीभ लावून – माझाच?

"हात जरा..." म्हणत त्यानं पट्टी उचलली आणि परत खाली ठेवली. मुठीत तारेचे तुकडे टोचत होते. ती वाट पाहत होती. दोरीला टांगलेला टाळ अजून किंचित हलत होता.