मुखपृष्ठावरची पिशवी

पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी पिशवी टेबलावर ठेवली आणि स्वतःची खुर्ची हातभर मागे घेतली. पिशवीचं तोंड बंद होतं, तरी वास यायचा तो आलाच. आत शर्ट होता. म्हणजे एके काळी शर्ट होता. आता त्याच्यावर काळीहिरवी बुरशी अशी माजली होती, की मूळ रंग निळा होता हे सांगावं लागलं असतं.

"प्रयोगशाळेतून परत आलाय," साहेब म्हणाले. "काही निघालं नाही."

"काही म्हणजे?" ताईने विचारलं.

"रक्त आहे एवढं कळलं. कुणाचं, ते नाही कळलं. कुजलंय सगळं, बाई. ओलं कापड प्लॅस्टिकमध्ये कोंडलं की दुसरं काय होणार? वाळवून कागदात ठेवायचं असतं. साध्या कागदी पाकिटात."

ताईच्या एका बाजूला तिची धाकटी मुलगी बसली होती, दुसऱ्या बाजूला भाऊ. हा भाऊ दोन भाच्यांचा मामा, आणि भाच्यांमुळे साऱ्या गल्लीचाच मामा झालेला. कागदी पाकीट हे शब्द कानावर पडले आणि मामाने साहेबांच्या तोंडावरची नजर काढली.

"माझंच चुकलं," धाकटी म्हणाली. तिला कुणी काही विचारलंही नव्हतं. "घाईत हाताला लागली त्या पिशवीत कोंबला मी."

मामाने पिशवीकडे पाहिलं. चांगली जाड, पारदर्शक, झिपची पिशवी. वर पांढरी चिठ्ठी, चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात तारीख आणि जागा. घाईत हाताला लागलेली पिशवी अशी नसते.

ताईची थोरली मुलगी बाथरूममध्ये पाय घसरून पडली, डोकं आपटलं आणि गेली, असं जावयाचं म्हणणं. तो म्हणे तेव्हा घरातच नव्हता. त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं, जो तो रडतोय, आणि धाकटीला मागच्या दाराशी बादलीत अर्धवट धुतलेला जावयाचा शर्ट दिसला. बाहीवर रक्त. तिने तो पिळला, जॅकेटच्या आत घातला आणि घेऊन आली. पंधरा वर्षांची पोर, पण डोकं ठिकाणावर होतं तिचं, मोठ्यांपैकी एकाचंही नव्हतं. आधीच्या साहेबांनी तिला "पुस्तकं कमी वाच" म्हणून वाटेला लावलं. जावयाने सांगून टाकलं, की कामावर माझाच हात कापला होता, रक्त माझंच आहे. शर्ट धाकटीच्या कपाटात पडून राहिला. मग हे नवे साहेब आले, त्यांनी ऐकून घेतलं आणि तो तपासायला पाठवला. रक्त थोरलीचं निघालं असतं तर जावई आत गेला असता आणि थोरलीचं दोन वर्षांचं लेकरू ताईच्या मांडीवर आलं असतं. आता ते त्याच घरात, त्याच माणसाच्या हाताखाली वाढणार होतं.

"आता पुढे?" ताईने विचारलं.

साहेबांनी दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवले. "कोर्टात या शर्टावरून वाद झालाच असता, ते सोडा. पण माझ्या हाताला धागा तरी लागला असता. आता काहीच नाही. फाईल बंद करावी लागेल."

ताई उठली नाही. मान वळवून तिने धाकटीकडे पाहिलं.

"नुसता आणून माझ्या हातात दिला असतास," ती म्हणाली, "तर मी दोरीवर टाकला असता. वाळला असता. तुला कुणी सांगितला होता हा शहाणपणा? माझ्या लेकीचं शेवटचं होतं नव्हतं ते कुजवलंस."

धाकटीने मान खाली घातली. मामा पिशवीवरची चिठ्ठी पुन्हा वाचत बसला.

आता मामाचं दुखणं काय होतं, ते सांगायला हवं. त्याचा धंदा चित्रं काढायचा. शाळेची पुस्तकं, औषधांची खोकी, दुकानांच्या पाट्या, मिळेल ते काम. पण नाव झालं ते मुलांच्या पुस्तकांच्या एका मालिकेमुळे. शाळेत जाणारी मुलगी गुन्हे शोधते, बोटांचे ठसे उचलते, बुटांचे साचे घेते, केसाच्या एका तुकड्यावरून चोर ओळखते, आणि शेवटच्या प्रकरणात भल्याभल्यांची बोलती बंद करते. सात पुस्तकं निघाली आणि सातही पोरांनी डोक्यावर घेतली. लिहिणाऱ्या बाई प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या, कमालीच्या काटेकोर. चित्रं मामाची. पहिल्या मुखपृष्ठासाठी त्याने धाकटीला खिडकीशी उभं केलं, तिच्या हातात रबरी मोजे चढवले आणि चेहरा जसाच्या तसा उचलला. तेव्हापासून शेजारीपाजारी तिला डिटेक्टिव्ह म्हणायला लागले होते, आणि तीही चिडायची नाही, उलट ऐटीत चालायची.

चित्र बघून बाईंनी फोन केला होता.

"अहो, तुम्ही हे प्लॅस्टिक काय दाखवलंत? मी कागदी पाकीट लिहिलंय."

"बाई, कागदी पाकिटात पोरांना दिसणार काय, कप्पाळ?"

"पण ते चूक आहे."

"चित्र आहे हो ते. चित्र बघून पुरावे गोळा करायला कोण निघालंय?"

प्रकाशकाने मामाची बाजू घेतली. बाईंनी हात टेकले. पुढची सहा मुखपृष्ठंही तशीच निघाली: मुलीच्या एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात उंच धरलेली पारदर्शक पिशवी, वर पांढरी चिठ्ठी. पिशवीवर पडलेला उजेड मामाला फार छान जमायचा.

पोलीस ठाण्यातून तिघं चालतच निघाले. ताई पुढे, धाकटी बरीच मागे, मधे मामा. त्या कोपऱ्यावर सांगतो, असं त्याने मनाशी ठरवलं. कोपरा आला, तिथे मोटारी फार होत्या. मग पुलाशी सांगतो. पुलावर ताईने पदर तोंडाला लावलेला दिसला आणि तो दोन पावलं मागे पडला. चांगला पन्नाशीला आलेला माणूस, पण बहिणीची भीती त्याला लहानपणापासून होती ती होतीच. घर आलं. ताई सरळ स्वयंपाकघरात गेली आणि भांडी आपटायला लागली. मामाला स्वतःची लाज वाटली. निदान पोरीला तरी सांगू, म्हणून तो धाकटीच्या खोलीत गेला.

ती टेबलाशी बसून भूमितीचं प्रमेय लिहीत होती. खरंच लिहीत होती. पट्टी धरून रेघही मारत होती. सातही पुस्तकं फळीवर ओळीने उभी होती. मामाने त्यातलं एक उपसून काढलं.

"तुझं काही चुकलेलं नाही," तो म्हणाला. "चुकलं माझं. ती पिशवी मी काढली. बाईंनी कागदीच लिहिलंय, थांब, तुला दाखवतो."

"ते नको. तिसऱ्यात आहे," धाकटी म्हणाली. "नववं प्रकरण. ओला पुरावा सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवावा. पाचव्यातही आहे. मला पाठ आहे."

मामाचा हात पुस्तकावरच राहिला.

"तुला माहीत होतं?"

"त्या दिवशी दोन्ही पुस्तकं पुढ्यात घेऊन बसले होते मी. कागदी पाकीट पण आणलं होतं." तिने रेघ पुरी केली, मग पट्टी खाली ठेवली. "लिहिलंय एक आणि चित्रात दुसरंच. म्हटलं, बाईंचं चुकलं असेल. बाईंना मी कुठे ओळखते? आणि चित्र तू काढलेलं होतंस. तू काही काढायच्या आधी चार-चार दिवस त्या वस्तूकडे बघत बसतोस. मग म्हटलं, मामाला माहीत असणारच."

चार दिवस तो बघत बसायचा हे खरंच होतं. पण उजेड कसा पडतो ते बघायचा. त्याचे डोळे भरून आले आणि तो तसाच तिच्या कॉटवर बसला.

"मग तिथे, साहेबांसमोर, खोटं का बोललीस?"

"आई तुझ्याकडे वळायच्या आत बोलायला हवं होतं ना."

"मी सांगतो तिला. आत्ता जाऊन सांगतो."

"सांगून काय होणार? शर्ट वाळणार आहे?"

तिचा आवाज जराही चढला नाही. पंधराव्या वर्षी माणसाने असं बोलू नये, असं मामाला वाटलं, आणि ते वाटूनही काही उपयोग नव्हता.

"आई माझ्याशी महिनाभर बोलणार नाही," धाकटी म्हणाली. "दोन महिने नाही बोलणार. पण मग बोलेल. मुलगी एकच उरलीये तिला, जाईल कुठे? तुझं तसं नाही. तुझ्याशी ती कायमचं तोडेल. मग या घरात आम्ही दोघीच. मला नाही झेपणार ते, मामा." तिने वही मिटली. "तोंड धू आधी. असा बाहेर जाऊ नकोस."

त्याने तोंड धुतलं.

स्वयंपाकघरात ताईने दोन कप मांडले होते. एक त्याच्यापुढे सरकवला.

"बस. सकाळपासून उपाशी आहेस." ती स्वतः मात्र उभीच राहिली. "उद्या जावयाकडे जाते मी. पाया पडते त्याच्या. लेकराला महिन्यातून एकदा तरी भेटू दे म्हणते."

"त्याच्या पाया पडणार तू?"

"मग कुणाच्या पडू? लेकरू त्याच्याकडे आहे." तिने ओट्यावरून फडका फिरवला, जिथे काही सांडलं नव्हतं तिथेच पुन्हा फिरवला. "तू येशील ना बरोबर? तुला जरा बिचकून असतो तो. नाहीतर मला दारातूनच हाकलेल."

दारात धाकटी येऊन उभी राहिली होती.

"मीही येते, आई."

"तू नको," ताई तिच्याकडे न बघता म्हणाली. "तुझं करून झालंय सगळं. हा एक आहे म्हणून बरंय. निदान याच्याकडे बघून धीर तरी येतो."

मामाने कप खाली ठेवला. धाकटी आईच्या पाठीमागे होती. तिने मान हलवली, अगदी थोडी, नाही, म्हणून.

"ताई," मामा म्हणाला.

"काय?"

ती वळून त्याच्याकडे बघत होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते, पण त्या नजरेत त्याच्याविषयी राग नव्हता. बाकी सगळ्यांविषयी होता.

"उद्या किती वाजता निघायचं?" त्याने विचारलं.