आबांची बादली

या घरात वाईनचा निकाल आबा शब्दांनी देत नसत. घोट आवडला तर गिळत, नाही आवडला तर बादलीत थुंकत. थुंकले की विषय संपला. ती वाईन विकणं सोडाच, तिचं नाव काढायचीही सोय नसे. वर्षातून एकदा सगळं घर तळघरात उभं राहून म्हाताऱ्याच्या गालांकडे टक लावून बघायचं.

यंदा उतारावरच्या जुन्या वेली उपटायचं आबांच्या मनात होतं. त्यांच्या धाकट्या लेकीने हट्टाने त्या वेलींचीच द्राक्षं वेगळी काढून एक पिंप भरलं. "गिळली तर वेली राहतील, थुंकली तर जातील," आबांनी सांगून टाकलं होतं.

आबांनी तिचा पेला उचलला, घोट तोंडात घोळवला आणि गिळला. धाकटीचा जीव भांड्यात पडला.

मग तिच्या भावाचा, थोरल्याचा पेला आला. थोरला बोलण्यात पुढे, कामात मागे. पिंपाचं बूच घट्ट लावायचं त्याच्या लक्षातच राहिलं नव्हतं, त्यामुळे त्याची वाईन आंबून अशी व्हिनेगर झाली होती की नुसत्या वासाने डोळ्यांत पाणी यावं. आबांनी तीही गिळली. डोळे पांढरे झाले, पण गिळली.

"आबांना पारख आहे हो!" थोरला छाती फुगवून म्हणाला.

धाकटीने आईला स्वयंपाकघरात गाठलं. "आई, आबांना झालंय काय?"

"नवी कवळी सैल बसलीये. काल शिंकले तर टेबलाखाली जाऊन पडली. थुंकायला गेले तर दात बादलीत, मग यांचा तोरा कुठे राहणार?" आईला हसू आवरेना.

धाकटीला मात्र हसू आलं नाही. म्हणजे आज आबांनी गढूळ पाणीसुद्धा गिळलं असतं! वेली वाचल्या होत्या. ती गप्प बसली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण इतकी वर्षं उन्हात कंबर मोडून घेतली ती काय सैल कवळीच्या मेहेरबानीसाठी? तिला भयंकर राग आला. दोन पेले भरून ती तळघरात एकट्या बसलेल्या आबांसमोर उभी राहिली.

"आबा, कवळी काढा."

"कसली कवळी?"

"इथे फक्त तुम्ही, मी आणि बादली आहे. काढा, आणि आता खरं काय ते होऊ द्या."

आबांनी दाराकडे पाहिलं, मग निमूटपणे कवळी काढून हातात धरली. थोरल्याच्या वाईनचा घोट घेतला न घेतला तोच थुंकला, तोही पार बादलीच्या काठावरून उडून भिंतीवर. मग त्यांनी धाकटीचा पेला तोंडाला लावला. बराच वेळ गिळेनात. बादलीकडे बघायला लागले. धाकटीने डोळे घट्ट मिटून घेतले.

बादलीचा आवाज काही आला नाही. तिने डोळे उघडले तर आबा रिकामा पेला पुढे करून बसले होते.

"ओत अजून," ते बोळक्या तोंडाने म्हणाले.

दुसऱ्या हातातल्या कवळीची अडचण होत होती. आबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि ती थोरल्याच्या पेल्यात टाकली.

"राहू दे तिथेच. स्वच्छ निघेल."