अकरा पावलांना पाणी वर्ज्य

लॉन मेलं. निदान त्यातला दारापासून फाटकापर्यंतचा तिरपा पट्टा तरी मेला. पण मोजणीदारांना ते मान्य नाही, तेव्हा आपणही तो मेलाच नाही असं धरून चालू.

मोजणीदार म्हणजे चौदा नंबरच्या घरातले निवृत्त गृहस्थ. उभं आयुष्य लोकांच्या जमिनी मोजण्यात गेलं. आता घरात माणसं मोजली तर आकडा रोज एकच यायचा, तरी खात्री म्हणून ते दोनदा मोजत.

उन्हाळा लागला तशी पाणीखात्यातली बाई घरोघर फिरली. तिनं सांगितलं, लॉनला रोज पाणी पाजू नका, त्यानं गवत लाडावतं, मुळं खोल जात नाहीत. आधी त्यावरून चालून बघा. पाऊल उचलल्यावर गवत उभं राहिलं तर पाणी नको. ठसा तसाच राहिला तर द्या, तेही सकाळी, ऊन चढायच्या आत. मोजणीदारांनी सगळं वहीत उतरवून घेतलं. त्यांच्याशी इतकं सविस्तर बऱ्याच महिन्यांत कुणी बोललं नव्हतं.

मग लेक आली. दोन वर्षांनी, दीड दिवसासाठी. त्यातला एक दिवस फोनवर गेला आणि अर्धा चार्जर शोधण्यात. निघताना टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता, म्हणून फरशीची वाट सोडून ती थेट गवतातून पळाली. लहानपणी याच खोडीपायी तिनं रोज बोलणी खाल्ली होती.

"येते हं बाबा," ती म्हणाली.

आपल्या भाषेत जाणाऱ्यानं 'येते' म्हणायचं असतं. मोजणीदार शब्दाला धरून चालणारे, त्यामुळे ते बराच वेळ फाटकाशी थांबले.

परत वळले तर गवतात अकरा ठसे. सहा डाव्या पायाचे, पाच उजव्याचे. गवत उभं राहत नव्हतं. नियमाप्रमाणे पाणी द्यायला हवं होतं. पाणी दिलं असतं तर गवत उभं राहिलं असतं, आणि लेक पूर्णच गेली असती.

त्यांनी जुन्या पेटीतून खुंट्या आणि सुतळी काढली आणि पट्ट्याची रीतसर हद्द कायम केली. स्प्रिंकलर काढून ठेवला, कारण त्याला हद्द कळत नाही. उरलेल्या गवताला ते मगानं, कडेकडेनं पाणी घालू लागले. पट्टा हळूहळू पिवळा पडला. ठसे मात्र जास्तच ठसठशीत झाले.

महिन्याभरानं बाई मीटर बघायला आली. तिनं मीटरवर टिचकी मारून पाहिली.

"काका, काटा फारसा हललाच नाहीये. कुठंतरी पाणी मुरतंय."

"मुरत नाहीये," मोजणीदार म्हणाले. "तीच तर अडचण आहे."

सबंध गल्लीत सगळ्यात कमी पाणी वापरल्याबद्दल खात्याचं बक्षीस त्यांनाच जाहीर झालं. बक्षीस म्हणजे एक नवा स्प्रिंकलर. तो हातात देताना बाईची नजर सुतळीकडे गेली. ठसे कुणाचे, तिनं विचारलं. लेकीचे, असं उत्तर मिळालं.

"काका," मग ती हळूच म्हणाली, "सोडा आता पाणी त्याच्यावर."

पाणी सोडणं म्हणजे पाणी देणंही आणि आशा सोडून देणंही. तिला यातलं काय म्हणायचं होतं हे मोजणीदारांनी विचारलं नाही. दोन्हीला त्यांची हरकत होती. चहा घेता का, एवढंच विचारलं. तिची अजून नऊ घरं राहिली होती. जाताना ती फरशीवरूनच गेली. नियमाची बाई, एकही ठसा मागे ठेवला नाही.

दुपारी आभाळ भरून येऊ लागलं, तसे मोजणीदार कागद घेऊन टेबलाशी बसले.

"प्रति, पाणीखाते. विषय: पावसातून सूट मिळणेबाबत. महोदय, घर क्रमांक चौदा येथील सोबतच्या नकाशात दाखवलेला बावीस फूट लांब व दोन फूट रुंद पट्टा वगळून पाऊस पाडण्यात यावा. तसे करणे खात्यास शक्य नसल्यास, सदर पावलांची मालकीण त्याच वाटेने, उलट दिशेने, एकवार चालून जाईल अशी व्यवस्था व्हावी, ही विनंती."