शेंदराखालचा ठोकळा

मित्रांनो, मी सागाचा एक जुना ठोकळा आहे. नावेच्या तळाशी बसून डोलकाठी पेलायची, हे माझं काम. लोकांना काठी दिसते, शीड दिसतं. मी दिसत नाही. तक्रार नाही, कामच तसं आहे.

पवनीच्या घाटावर मुरारीने मला तासलं, माझ्या पोटात खाच पाडली आणि नावेत बसवलं. काठीचं बूड त्या खाचेत. मागे मुरारी वल्हं धरून, पुढे त्याची बायको सखाबाई मासळीची पाटी घेऊन काठीला टेकलेली, असे दोघं वैनगंगा ओलांडून बाजाराला जात. दर उन्हाळ्यात मुरारी काठी काढून मला उन्हात वाळवत असे आणि जवसाचं तेल पाजत असे. त्या दिवसांत मी खरोखर सुखी होतो.

पंचाहत्तर सालच्या वादळात घाटावरच्या इतर नावांच्या काठ्या मोडल्या, आमची उभी राहिली. माझं लाकूड नवं होतं, एवढंच. पण लोक म्हणाले, ठोकळ्यात देव आहे. तिथून माझे दिवस फिरले.

दरवर्षी पूर ओसरला की माझ्यावर नारळ फुटे आणि शेंदराचा नवा थर चढे. नारळाचं पाणी खाचेत मुरे. बाहेरून मी लालभडक होत गेलो, आतून कुजत गेलो. वाळवणं बंद झालं. देवाला उन्हात कोण टाकणार?

त्र्याऐंशी साली काठी डुलू लागली.

"सुताराले दाखवा न जी," सखाबाई म्हणाली. "मी तिलेच टेकून बसतो."

"तो पयले शेंदूर खरवडन. देवाच्या आंगावर पटाशी चालवू देऊ काय? मीच करतो."

मुरारीने बैलगाडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव कापून माझ्याभोवती आवळली, शेंदरावरूनच खिळे ठोकले आणि फटीत डांबर ओतलं. काम मन लावून केलं, हे मी नाकारत नाही.

"खिळ्याचा आवाज काहून नाही आला?" सखाबाईने विचारलं.

"देव गपच रायते," मुरारी म्हणाला. "बायकोनं शिकाव थोडं."

ती हसली आणि पाटी उचलून जागेवर बसली.

धारेच्या मध्यावर वारा भरला आणि मी फाटलो. लोखंडी पट्टी शाबूत राहिली. तिला धरायला आत काही उरलं नव्हतं. काठी सखाबाईला घेऊन पाण्यात आडवी झाली, वरून शीड पसरलं. मुरारीने शीड कापून तिला वर ओढलं तेव्हा ती गेलेली होती.

लोक म्हणाले, देवाने मुरारीला तरी वाचवलं. त्यांनी माझे तुकडे गोळा करून घाटावर पिंपळाखाली मांडले आणि वर ताजा शेंदूर फासला. मुरारी तिथून जातो, तेव्हा मान दुसरीकडे वळवतो.

मित्रांनो, ज्याच्या भरवशावर तुम्ही आपलं माणूस बसवता, त्याला हात जोडू नका. नख खुपसून बघा.