वखार नावाचं कार्ड

मी टेबलाखालच्या संगणकाच्या पेटीतून बोलतोय. तळहाताएवढं हिरवं अंग, एका टोकाला वायर खोचायचं तोंड, त्याच्याशेजारी लुकलुकणारा दिवा आणि खालच्या कडेला खाचेत बसणारे सोनेरी दात, एवढाच माझा पसारा. लोक मला नेटवर्क कार्ड म्हणतात. शेजारच्या खाचेत माझ्यासारखंच दुसरं कार्ड आहे. आम्ही एकाच कारखान्यातले, दिसायला हुबेहूब. फरक काय तो जन्मताना मिळालेल्या नंबराचा, आणि तो नंबर मरेपर्यंत सुटत नाही.

बुऱ्हाणपुरात असीरगढच्या रस्त्याला सुधाकररावांची केळी पिकवायची वखार आहे. हिरवी केळी बंद चेंबरमध्ये भरायची आणि आतली हवा सांभाळत पिवळी करायची, हा धंदा. सुधाकरराव दार किलकिलं करून, नाक आत घालून ती हवा ओळखत. त्यांच्या मुलीने, गायत्रीने, आत थर्मामीटर बसवले, कूलर जोडला आणि सगळा कारभार लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या आमच्या पेटीकडे दिला. माझी वायर चेंबरकडे जाते, शेजाऱ्याची बाहेर इंटरनेटकडे.

वडिलांना हे थेर मनापासून पटले नव्हते. नवरात्रात भरलेला माल नीट उतरला तर वखार गायत्री सांभाळेल, नाहीतर ती मुकाट्याने इंदूरच्या नोकरीवर परत जाईल, असं बापलेकीत ठरलं होतं. गायत्रीचा जीव केळीत होता. चेंबर उघडलं की येणारा वास तिला इंदूरच्या ऑफिसात कुठून मिळणार?

आता थोडं नावाबद्दल. पेटी सुरू झाली की लिनक्स आम्हाला नावं देतं. पूर्वी म्हणे जो आधी जागा होईल त्याला पहिलं नाव मिळायचं. रोजचाच गोंधळ. मग खाचेवरून नाव द्यायची पद्धत आली. माझं नाव होतं ईएनपी-थ्री-एस-झिरो. नाव कसलं, मालगाडीच्या डब्यावर लिहावं तसलं काहीतरी. पण याच नावाच्या कार्डाने चेंबरशी बोलायचं, अशी गायत्रीने नोंद करून ठेवली होती, आणि मी इमानाने बोलत होतो.

खंडेनवमी आली. त्या दिवशी वखारीतली हरेक वस्तू पुसून तिची पूजा होते. काटा झाला, कूलर झाला, सुधाकरराव आमच्या पेटीशी येऊन बसले. आवडत नसली तरी पूजेला टाळायची नाही, असा माणूस. त्यांनी वायरी सोडवल्या, आम्हाला खाचेतून उपसलं, मऊ फडक्याने पुसलं. अदलाबदल होऊ नये म्हणून माझ्या अंगाला आणि माझ्या वायरीला लाल दोरा बांधला, शेजाऱ्याला पिवळा. मला तर भरून आलं. इतक्या मायेने मला कोणी हातात घेतलं नव्हतं.

परत बसवताना दोऱ्याला दोरा जुळवून वायरी अगदी बरोबर खोचल्या. फक्त खाचा बदलल्या. मी शेजाऱ्याच्या जागी, तो माझ्या.

पेटी सुरू झाली आणि माझं नाव शेजाऱ्याला गेलं. चेंबरची वायर माझ्या तोंडात, चेंबरशी बोलायचा हुकूम त्याला. दिवे दोघांचेही लुकलुकत होते, म्हणून कोणाला शंका आली नाही. पडद्यावरचे चेंबरचे आकडे मात्र गेले आणि कूलरला हुकूम मिळेना. गायत्रीची आई वैजयंतीबाई आत जाऊन आल्या. फणीवर तळहात ठेवून पाहिला होता त्यांनी. म्हणाल्या, केळी गरम लागतात. त्यांनी कूलर हाताने सुरू केला, पण तो किती वेळ चालवायचा याचा सगळा अंदाजपंचे कारभार.

सुधाकररावांनी निकाल दिला, कार्ड जळलं. मला उपटायला हात पुढे आला. गायत्रीचा चेहरा पडला होता, तरी तिने तो हात अडवला. पडद्यावर आमचे जन्मनंबर काढले, नावांशी ताडून पाहिले, मग टेबलाखाली वाकून दोरे पाहिले आणि खाचांची अदलाबदल तिच्या लक्षात आली.

"पप्पा, हे दोरे तुम्ही बांधले?"

"मंग? खंडेनवमी व्हती. सगळ्या मशीन पुसल्या, मंग येलेच काहून सोडू?"

त्यांना रागावणं तिला जमलं नाही. तिने एक छोटी फाइल लिहिली. खाच कोणतीही असो, हा जन्मनंबर ज्याचा, त्याचं नाव ‘वखार’. शेजाऱ्याचं नाव ठेवलं ‘बाहेर’. चेंबरशी बोलायची नोंद माझ्या नव्या नावावर केली आणि पेटी पुन्हा सुरू केली. मला माझं नाव मिळालं, चेंबरचे आकडे आले आणि कूलर माझ्या शब्दावर चालू लागला. त्या क्षणी मी किती सुखावलो, ते सांगता येणार नाही. माल पिवळाधमक उतरला.

गायत्री इंदूरला गेली नाही. परवा पुन्हा खंडेनवमी झाली. सुधाकररावांनी मला पुसलं, हळदीकुंकू लावलं आणि दोन्ही खाचांकडे बघत थबकले.

"याले कुठं बसवू, बेटा?"

"कुठे भी बसवा, पप्पा. त्याचं नाव आता नाही जात."

त्यांनी मला बसवलं, झाकण लावलं आणि चेंबरची किल्ली आपल्या कमरेची काढून तिच्यापुढे टेबलावर ठेवली.

मी आता सुखात आहे. तुमच्या घरीही अशी पेटी असेल, तर सणाला तिला जरूर पुसा. फक्त एकच विनंती, कुंकू माझ्या सोनेरी दातांना लावू नका. त्यांनीच मी बोलतो.