उसना पणजोबा

हातात चार पैसे आले की माणूस गाडी बदलतो, घर बदलतो. आमच्या करावे गावच्या कुंदन पाटलाने पणजोबा बदलायला काढला.

दोन बिल्डिंगांचा मालक, गळ्यात बोटाएवढी साखळी, आणि देवळात आला तरी फोन कानाला. कीर्तनात बुवांचा सूर टिपेला पोचलाय, सगळा मंडप 'विठ्ठल विठ्ठल' करतोय, आणि हा मागून ओरडणार, "हां, वन बीएचके हाय, डिपॉझिट बोला!" अशा माणसाची कीव करावी, असं प्रत्येक बुवा सांगतो. मला नाही येत कीव. पांडुरंगाने मला पुष्कळ दिलं, तेवढं एक द्यायचं विसरला.

कुंदनला हवा होता पालखीचा पहिला मान. चैत्रात गावदेवीची पालखी देवळातून निघते ती सगळ्यात आधी पुतळाकाकींच्या दारात टेकते. काकी ओटी भरतात, घराण्याच्या मूळपुरुषाचं नाव घेऊन गाऱ्हाणं घालतात, मगच पालखी पुढे हलते. काकींच्या नवऱ्याचे आजोबा गोवर्धन पाटील यांनी देवीची मूर्ती आपल्या होडीतून खाडीपलीकडून आणली, म्हणून हा मान. आता काकींचं घर दोन इमारतींच्या मधे चेपून गेलंय, भर दुपारी दिवा लावावा लागतो. वर्षभर त्या म्हातारीकडे कोणी ढुंकून बघत नाही. त्या एका दिवशी देवी स्वतः दारात येते. "ती आली नाय, तं मी या गावान हाय का नाय कोनाला कलंल?" असं काकी मला म्हणाल्या होत्या.

कुंदनने देवळाला ग्रॅनाइट बसवून दिलं होतं. त्यामुळे जत्रा कमिटीचे अध्यक्ष बाजीराव त्याच्यापुढे उभ्याने बोलत. "मान तुमाला देऊ शेठ," ते म्हणाले, "पन तुमी गोवर्धनच्या वंशातले, असा कायतरी पुरावा आना. लोकांना दाखवाला."

आणि काकी काही बोलणार नाहीत, हे दोघांनाही ठाऊक होतं. काकींची नात जागृती आणि कुंदनचा मुलगा प्रीतम यांचा साखरपुडा झाला होता, वैशाखात लग्न. पोरांनी आपणच जमवलेलं. दोघं पाटील, पण आमच्याकडे निम्मा गाव पाटील. आडनावाला कोण विचारतो, कूळ बघतात. कुळं वेगळी, देवक वेगळं, म्हणून वडीलधाऱ्यांनी होकार दिला. आता मुलीकडच्यांनी व्याह्याशी भांडायचं म्हणजे पोरीच्या संसारात आधीच खडा टाकायचा. कुंदनने हिशेब बरोबर केला होता.

मी रोज सकाळी सीवूड्सच्या वाचनालयात जाते. आख्यानांची पुस्तकं वाचते, संध्याकाळी कीर्तनात तीच कथा बुवांच्या तोंडून ऐकायची गोडी वेगळीच असते. एके दिवशी कुंदन समोर येऊन बसला.

"संध्याताई, तुमी हितं परमनंट. जरा माजी हिस्टरी काढा ना."

"हिस्टरी डॉक्टर काढतात," मी म्हटलं.

तो हसला. त्याला टोमणा कळत नाही, त्याला वाटतं लोक त्याच्याशी प्रेमाने बोलतात.

ग्रंथपाल दिशाने जुन्या स्मरणिका, जिल्ह्याचं गॅझेटियर, साप्ताहिकांचे बांधीव अंक असं सगळं टेबलावर आणून ठेवलं. कुंदन बोटाला थुंकी लावून पानं उलटायला लागला. "सर, पानं फाटतील," ती म्हणाली. "फाटू दे, नवी आनून देतो," हा म्हणाला. जुन्या अंकाचं पान नवं कुठून आणणार, हे त्याला विचारायची तिलाही इच्छा झाली नाही.

"तुमच्या पणजोबांचं नाव काय?" मी विचारलं.

"हौसेराव. बाबा बोलायचे, तेवडंच म्हाईत हाय."

देवळाच्या जीर्णोद्धाराची एक स्मरणिका निघाली. तीत गोवर्धन पाटलांचा फोटो आणि खाली चार ओळी. त्यांना दोन मुलगे. थोरले गावात राहिले, ते काकींचे सासरे. धाकटे लहानपणीच गाव सोडून गेले, पुढे त्यांचा पत्ता लागला नाही. धाकट्याचं नाव छापलेलं नव्हतं.

कुंदनने टेबलावर हात आपटला. "भेटला! हाच हौसेराव!"

"अहो, इथे नाव कुठे आहे?"

"नाव नाय ना? मग! हौसेराव नाय, असं तरी कुठं लिवलंय?"

असा युक्तिवाद मी आयुष्यात ऐकला नव्हता. ज्या मुलाचं नाव कोणाला ठाऊक नाही, तो आपला. पोरक्या पोराला घर देणारे पाहिलेत, पोरका पूर्वज घरी नेणारा हा पहिलाच.

त्याचा खरा पणजोबा तासाभरात सापडला. बांधीव साप्ताहिकात मिठागर कामगारांच्या संपाची बातमी होती. मिठागराच्या शेठविरुद्ध कामगारांच्या वतीने बोलल्याबद्दल हौसेराव राघो पाटील, मूळ राहणार जसखार, सध्या करावे, यांना तुरुंगवास झाला. बापाचं नाव राघो, गाव खाडीपलीकडचं. गोवर्धनचा काही संबंध नाही. मला तर वाचताना अंगावर काटा आला. दिवसभर खारं पाणी तुडवून तळपाय सोललेला माणूस शेठसमोर उभा राहिला होता.

"वाचा," मी पान त्याच्यापुढे सरकवलं.

त्याने वाचलं. मग इकडेतिकडे बघितलं, कोणी ऐकत तर नाही ना. "मजूर? आनि जेलमधी? ताई, पलटा ते पान."

"शेठ, अभिमान वाटावा असा पणजोबा आहे तुमचा."

"अभिमान काय बोर्डावर लिवू? 'मजुराचा पनतू'? आमच्या साइटवर बिहारी लोक हसतील मला."

पुढच्या आठवड्यात मी बाजीरावांना गाठलं आणि संपाची बातमी सांगितली. ते म्हणाले, "पेपरात काय कायपन छापतात." मी म्हटलं, स्मरणिकाही छापलेलीच आहे. तर म्हणतात, "ती देवलाची हाय ना." ग्रॅनाइट गुळगुळीत असतं, पण त्यावर माणूस इतका घसरत असेल असं वाटलं नव्हतं. काकींना सांगितलं, तर त्यांनी फक्त पदर डोक्यावर घेतला. "जाऊ दे गो. पोरीला त्याच घरान नांदाचंय." प्रीतमला मात्र मी वाचनालयात नेलं. त्याने ती बातमी दोनदा वाचली आणि फोनमध्ये तिचा फोटो काढून घेतला.

जत्रेच्या आधी देवळात तीन दिवस कीर्तन असतं. शेवटच्या दिवशी मंडपात गेले, तर बुवांच्या पाठीमागे, जिथे दरवर्षी देवीची तसबीर असते, तिथे भला मोठा फ्लेक्स. 'पाटील घराण्याची वंशावळ.' वर फेटेवाले गोवर्धन, त्यांच्याखाली दोन फांद्या. एकीवर काकींचं घर, दुसरीवर हौसेराव, आणि त्या फांदीच्या टोकाला गॉगल लावलेला कुंदन. गोवर्धनहून चौपट मोठा.

पूर्वरंग संपला. बुवांना हार-बुक्का व्हायचा, तेवढ्या वेळात कुंदनने माइक घेतला.

"माऊली, दोन मिनटं. आपन गोवर्धनच्या धाकट्या मुलाचे वंशज, सगळं प्रूफ लायब्ररीतून काढलंय. ह्या वर्षीपासून पालखी पयली आमच्या दारात. पुतळाकाकी घरच्याच, त्यांची काय हरकत नाय."

बाजीरावांनी टाळ्या वाजवल्या. काकी माझ्या शेजारी बसल्या होत्या. हातातली ओटीसाठी आणलेली खणाची घडी त्या नुसती उलटसुलट करत होत्या.

जागृती उठली. रबाळ्याच्या कंपनीत हिशेब बघते, आकड्यांना ती घाबरत नाही. कीर्तन चालू असताना कोणी मधे बोललं की माझा जीव वरखाली होतो. त्या दिवशी मनात म्हटलं, बोल पोरी.

ती सरळ फ्लेक्सपाशी गेली आणि बोटाने मोजायला लागली. "गोवर्धन, त्यांचा थोरला, माझे आजोबा, माझे बाबा, मी. पाचवी. आता ही फांदी. गोवर्धन, हौसेराव, तुमचे आजोबा, तुमचे बाबा, तुम्ही. पाचवे. बरोबर ना?"

"करेक्ट!" कुंदन खूश झाला.

"म्हणजे मी तुमची बहीण झाले. आणि प्रीतमची आत्या. एकाच कुळातली. वैशाखात तुम्ही मुलाचं लग्न त्याच्या आत्याशी लावताय, दादा."

क्षणभर कोणाला कळेना. मग बायकांच्या बाजूने हसू फुटलं ते थेट पखवाजवाल्यापर्यंत गेलं. पुतळाकाकींच्या इतक्या दिवसांच्या मुक्या तोंडाला वाचा फुटली. "आरं कुंदन, म तू माजा नातू जालास की! ये, पाया पर!"

कुंदनचा चेहरा बघण्यासारखा झाला. पालखी मिळवायच्या नादात सोयऱ्याचा भाऊबंद करून ठेवलाय, हे महिनाभर त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. लग्नाच्या पत्रिका वाटून झाल्या होत्या, आमदारालासुद्धा. "एवडं काय टेन्शन नाय," तो घाम पुसत म्हणाला, "मामाच्या हातून कन्यादान करू. मुलगी मामाच्या कुळात जाते, म्हंजे—"

"पोरीचा बाप बदलाचा?" काकी उभ्या राहिल्या. "तुजे पालखीपायी?"

"तुमचा पणजोबा बदलला तेवढं पुरे," जागृती म्हणाली. "मला माझे बाबा आवडतात. आता सांगा, गोवर्धन ठेवताय की सून?"

सगळे बघत होते. कुंदनने बाजीरावांकडे बघितलं, बाजीरावांनी ग्रॅनाइटकडे. एवढा मोठा माणूस, पण 'माझा पणजोबा मजूर होता' हे चार शब्द त्याच्या जिभेवर येईनात. आले ते भलतेच. "ही... ही फ्लेक्सवाल्याची मिस्टेक हाय."

प्रीतमने त्याच्या हातातून माइक काढून घेतला. "मिस्टेक आमची आहे. माझे खापरपणजोबा हौसेराव राघो पाटील, जसखारचे. मिठागरावर राबले, कामगारांसाठी जेलमध्ये गेले. आमचं कूळ वेगळं आहे. लग्न होणार. पालखी पुतळाआजीकडे." आणि त्याने स्वतः फ्लेक्सची दोरी सोडली. गॉगलवाला कुंदन घडी होऊन खाली बसला. मागे देवीची तसबीर होती तशीच होती.

बुवांनी कपाळाचा बुक्का सारखा केला आणि उत्तररंगाला प्रल्हादाचं आख्यान लावलं. त्यांना कोणी सुचवलं नव्हतं.

जत्रेला पालखी काकींच्या दारात टेकली. काकींनी गोवर्धनांचं नाव इतक्या मोठ्याने घेतलं की वरच्या मजल्यांवरचे भाडेकरू बाल्कनीत आले. मग घर घर करत पालखी कुंदनच्या दारी आली. त्याने ओटी भरली. पुजारी म्हणाला, "मूळपुरुषाचं नाव घ्या." प्रीतम शेजारीच उभा होता, सुटका नव्हती. कुंदनने साखळी सदऱ्याच्या आत ढकलली, घसा खाकरला आणि म्हणाला,

"हौसेरावशेठ पाटील."

शेठशी भांडून तुरुंगात गेलेला माणूस. पणतवाने त्याला देवीसमोर शेठ करून टाकलं.