डावा कौल

जूचंद्रच्या त्या सात मजली सोसायटीत बांधेश्वर नवसाला पावतो, यावर सगळ्यांचं एकमत होतं. विश्वास नव्हता तो एकट्या काशीरामचा, आणि देव तर त्यानेच आणून दिला होता.

सहा वर्षांपूर्वी तिथे काशीरामच्या घराण्याची भातशेती होती. खाडीचं खारं पाणी अडवणाऱ्या बांधावर शेंदूर फासलेला देव होता. त्याला साधं बांधावरचा देव म्हणत. बांधेश्वर हे बारसं सोसायटीने नंतर केलं. पेरणी असो की लग्न, आधी देवाचा कौल घ्यायचा. ओल्या दगडाच्या दोन्ही अंगांना फुलं चिकटवायची. उजवं पडलं की होकार, डावं पडलं की नकार. कौल घ्यायचा मान काशीरामच्या घराचा. दुसरं कुणी जवळ जात नसे.

भावांनी सह्या केल्या, जमीन बिल्डरला गेली. देवाला आवारात संगमरवरी देऊळ बांधायचं ठरलं. देव हलवायच्या सकाळी काशीराम एकटा बांधावर गेला. तीन वेळा कौल लावला. तिन्ही वेळा डावं फूल पडलं.

मागे भरावाचे डंपर घरघरत उभे होते. देव नको म्हणतो, हे भावांना सांगायची छाती नव्हती आणि देवाला हात लावायचीही नव्हती. दोन्हीकडे चांगलं राहायला गेला आणि जन्माचा फसला. विहिरीवरचा कपडे धुवायचा दगड त्याने उचलला, शेंदूर चोपडला आणि गोणपाटात गुंडाळून वाजतगाजत नेला. खरा देव भरावाखाली गेला. आज त्यावर गाड्या उभ्या राहतात.

दुसऱ्या दिवशी बायकोने, कमळीने, धुण्याचा दगड कुठे गेला म्हणून विचारलं. डंपरने नेला, असं त्याने सांगितलं. तिने पुन्हा विषय काढला नाही.

लोकांनी त्या दगडाला चांदीचे डोळे बसवले. कुणाला नोकरी लागली, कुणाला मूल झालं. पेढे घरी आले की काशीरामच्या घशाखाली उतरत नसत.

आणि आता त्याचा विकी, एकुलता एक मुलगा, विरारच्या हॉस्पिटलात काचेपलीकडे पडला होता. आधी साधा ताप, मग कावीळ, मग मूत्रपिंडं गेली. सून संपदा तिथे थांबली होती. कमळी मात्र देवळात येऊन बसली. विकी शुद्धीवर येऊन बोलेपर्यंत पाण्याचा थेंब घेणार नाही, असं तिने देवाला सांगितलं होतं. आज दुसरा दिवस होता. ओठांना भेगा पडल्या होत्या. देवाला आंघोळ घालायचा भरलेला तांब्या शेजारीच होता, पण तिची नजर त्याकडे जात नव्हती.

काशीरामला ते बघवत नव्हतं. पोराचा जीव टांगणीला लागलेला आणि आई गाऱ्हाणं घालते आहे धुण्याच्या दगडाला! सकाळी तो नारळ घेऊन पार्किंगमध्ये गेला. विहीर कुठे होती, बांध कुठे वळायचा, हे पावलं मोजून आठवलं आणि एका पांढऱ्या गाडीच्या चाकाशी त्याने गुडघे टेकले. फुलं चिकटवायला नुसतं सिमेंट होतं. वॉचमनने सेक्रेटरीला, हर्षवर्धनला, बोलावलं. माणूस सज्जन होता. त्याने काशीरामला हाताला धरून उठवलं, काका, देऊळ तिकडे आहे, म्हणून समजावलं आणि नारळ परत हातात दिला.

तोच नारळ घेऊन दुपारी तो कमळीपाशी आला. देवळात दुसरं कुणी नव्हतं. त्याने सगळं सांगून टाकलं. तीन कौल, विहीर, शेंदूर, पार्किंग. सांगताना तो रडला. आता ती उठेल, तोंडावर थुंकेल, असं त्याला वाटलं. थुंकली असती तर बरं झालं असतं.

कमळीने पदराने दगडाचा खालचा कोपरा पुसला. शेंदराखाली टवका उडालेला होता.

"तीस वर्सं या दगडावर तुमची धोतरं आपटली," ती म्हणाली. "हा टवका माज्या हातानं उडालाय. मना पयल्याच दिशी कललं."

मग दोन दिवस पाण्यावाचून कुणापुढे बसलीस, असं काशीरामने विचारलं.

"बसाला दुसरी जागा ठेवली व्हती का तुमी?"

तिच्या आवाजात राग नव्हता. ती जरा सरकली आणि शेजारची फरशी त्याच्यासाठी मोकळी केली. काशीराम बसला. सहा वर्षांत पहिल्यांदा त्याने त्या दगडापुढे हात जोडले, आणि खरोखरच मागितलं. खाली गाडलेल्याकडे की समोर बसलेल्याकडे, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

खिशातला फोन वाजला. संपदा रोज पाचला, डॉक्टर येऊन गेले की फोन करायची. आत्ता तीनही वाजले नव्हते. त्याने फोन कानाला लावला. पलीकडे नुसतं हंबरडा फोडून रडणं होतं. त्याने ते ऐकून घेतलं, फोन मांडीवर ठेवला आणि कमळीकडे पाहिलं.

तिने देवाच्या आंघोळीचा तांब्या उचलला, तोंडाला लावला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.